मध्यभागी किंचित कच्चा

इनिसफेल,
पाऊस चालू आहे.

प्रिय आयव्ही आत्या,

लायलचा तुला आदराने नमस्कार. हे पत्र उभ्याने वाचू नकोस. खुर्ची घे (ती डुगडुगणारी नव्हे, खिडकीजवळची) आणि सकाळची गोळी घेतली नसशील तर आधी गोळी, मग पत्र. छातीतली धडधड कशी आहे? पायावरची सूज उतरली का? शेजारची नोरीन रोज डोकावते ना? (दारातून "आहेस ना गं?" असं ओरडून पुढे जाणं म्हणजे डोकावणं नव्हे. आत येऊन, तुझा चेहरा बघून, बसून चहा पिऊन जायचं, असं मी तिला दोनदा बजावून आलोय.) माझ्या टोमॅटोंना पाणी घालायला वाकू नकोस. मेले तर मेले टोमॅटो. माझी तब्येत तशी बरी आहे. खांद्यावर सॅकचे वळ उठलेत आणि उजवा पाय मुरगळलाय, पण ते सगळं ओघाने येईलच.

फोन का नाही केलास, असं तू विचारशील. आत्या, फोनवर तू म्हणतेस, "फापटपसारा नको, एका वाक्यात सांग." आणि ही गोष्ट एका वाक्यात सांगितली तर डॉक्टरने तुला जे जे होऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलंय ते सगळं एकदम होईल. म्हणून लिहितोय. सावकाश वाच. मधली पानं सोडून शेवटी उडी मारू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

तू मला दारात उभं करून जे सांगितलंस ते मी सगळ्या वाटेवर घोकत आलो. केक पोस्टाने जाणार नाही, कारण "ही बाजू वर" असं लिहिलेलं दिसलं की पोस्टातली माणसं मुद्दाम ती बाजू खाली करतात (हे तुझं मत, माझं काही म्हणणं नाही). केक मर्ल आत्याच्या टेबलावर अख्खा ठेवायचा. पहिली सुरी तिनेच घालायची. तिने खाल्ला तर तुला कळवायचं, नाही खाल्ला तर उचलून परत आणायचा. आणि ऑपरेशनचा शब्दही काढायचा नाही, कारण तुला कोणाची दया नको. एवढीच कामं होती. शाळेतल्या पोराला सांगितली असती तर त्याने केली असती.

पण मी विमानात बसत नाही, हे तुला माहीत आहे. हमरस्त्यावर गाडी चालवत नाही, कारण मागून येणारे ट्रक माझ्याकडेच बघतात. राहिली बस. आणि बस म्हणजे ती, जिच्या एकाच तिकिटावर वाटेल तिथे उतरावं, वाटेल तितकं राहावं आणि पुन्हा चढावं, अशी. तिच्यात जगभरातली विशी-बाविशीची पोरं सॅका टाकून सिडनीपासून पार उत्तरेच्या केर्न्सपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत असतात. त्यांच्यात मी, गावच्या वाचनालयातून रजा काढलेला, टक्कल पडायला लागलेला, मांडीवर पत्र्याचा डबा धरून बसलेला. सॅकमध्ये मी मोजकंच घेतलं होतं: दोन बॅटऱ्या, शिट्टी, दोरी (पूर आला तर), मलमपट्टी, आणि जेलीफिशचा डंख लागला तर ओतायला व्हिनेगरची मोठी बाटली. बाटली न्यूकॅसलच्या आधीच फुटली. तिथून पुढे मी जिथे जाईन तिथे माझ्या व्हिनेगरच्या वासाने लोकांना तळलेल्या मासळीची भूक लागायची.

बायरन बेला मला वरचा पलंग मिळाला. आत्या, माणसाने वरच्या पलंगावर झोपावं असं देवाच्या मनात असतं तर कठडा जरा उंच केला असता. खाली आयर्लंडची एक पोरगी होती, ऑर्ला नावाची. तिच्या जिभेला हाड नाही. मला पहिल्या दिवसापासून "आजोबा" म्हणते. मला रात्री डबा उशाशी घेऊन निजलेला बघून तिने सकाळी भर स्वयंपाकघरात विचारलं, "आजोबा, त्या डब्यात कुणाची राख आहे का हो?"

"राख नाही. केक आहे."

"मग मेल्यासारखं तोंड करून का फिरताय?"

आता सांगणं भाग होतं. तिच्याबरोबर योनास नावाचा जर्मन पोरगा होता, दाराला डोकं आपटेल एवढा उंच आणि बोलण्यात अगदी कंजूष. दोघांनी मला चहा करून दिला आणि मी तुमची गोष्ट सांगितली. तुमच्या भांडणात मी पडत नाही, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या सांगितल्या (चुकलं असेल तर आल्यावर कान धर). म्हटलं, आमच्या गिलगांड्राच्या शेतकी प्रदर्शनात मेंढ्या असतात, लोकर असते, भोपळे असतात, पण भांडणं होतात ती फळांच्या केकवरून. केक चौकोनी हवा, वरून सपाट हवा, आतला मनुका न् मनुका बेदाण्याएवढा कापलेला हवा. तळाला जाळीचा ठसा उमटला तर गुण गेले. म्हणून आमची आयव्ही आत्या गरम केक कधी जाळीवर ठेवत नाही, वर्तमानपत्रात आणि जुन्या घोंगडीत गुंडाळून लेकरासारखा निजवते. केक कोणाचा ते परीक्षकाला सांगत नाहीत, वर नुसता आकडा असतो. त्या वर्षी बाहेरगावची परीक्षक बाई ऐन वेळी आजारी पडली आणि तिच्या जागी आयव्ही आत्याची धाकटी बहीण मर्ल उभी राहिली. तिने सुरी घातली, मधला काप उचलला, बोटाने दाबला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मध्यभागी किंचित कच्चा." आयव्ही आत्याचं म्हणणं, सख्ख्या बहिणीला माझा केक ओळखू येत नाही होय? मुद्दाम केलं. मर्ल आत्याचं म्हणणं, कुणाचा का असेना, कच्चा तो कच्चा. पुढे तिच्या नवऱ्याला, सेस काकांना, उसाच्या कारखान्यात नोकरी लागली, ती दोघं उत्तरेला गेली, काका वारलेसुद्धा, पण दोघींपैकी एकीनेही दुसरीला दोन ओळी लिहिल्या नाहीत.

"आमच्याकडे जमिनीवरून भांडतात," ऑर्ला म्हणाली. "केकवरून भांडायचं म्हणजे तुम्ही खाऊनपिऊन सुखी माणसं."

योनासने बराच वेळ विचार करून विचारलं, "पण कच्चा होता का?" मी म्हटलं, हा प्रश्न आमच्या घरात विचारत नाहीत.

त्यानंतर ही दोघं माझ्या पाठीच लागली. मी उतरेन तिथे उतरायची, मी चढेन तिथे चढायची. मला वाटलं, केकवर डोळा आहे. (नव्हता. पण मला तसं वाटलं, आणि त्या पायी माझ्या चार झोपा गेल्या.) त्यांनीच मला गारी बेटावर नेलं. मी जाणार नव्हतो. जीपा समुद्राच्या कडेने ओल्या वाळूवरून धावतात, भरती आली की रस्ताच पाण्याखाली जातो, आणि आमची जीप चालवत होती ऑर्ला. मी भरतीचं वेळापत्रक मोठ्याने वाचत होतो तर तिने गाण्याचा आवाज वाढवला. शिवाय तिथे डिंगो, ती रानकुत्री. खाण्याचा एक कण तंबूत ठेवायचा नाही, सगळं कुलूपबंद पेटीत, एकटं फिरायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही, असं तिथल्या वनरक्षक बाईने बजावलं, आणि मी घाबरून सगळ्यात आधी पळालो. झालं असं की पेटीत जागा करायला मी डबा क्षणभर वाळूवर ठेवला आणि वळून बघतो तर एक लालसर डिंगो डब्यावर नाक ठेवून उभा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. त्याने डबा हुंगला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगला, आणि माझी डावी चप्पल उचलून चालता झाला. केकला त्याने तोंड लावलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तो आदर समजतो.

इथवर केक अख्खा होता, आत्या. हे मी शपथेवर सांगतो. बुंडाबर्ग, रॉकहॅम्प्टन, मकाय, सगळीकडे अख्खा होता. आता गोळी घेतली नसलीस तर खरंच घे.

एअर्ली बीचला पाऊस लागला. असा पाऊस, की समोरचा समुद्र कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. पुढचा हमरस्ता पाण्याखाली गेला आणि आमची बस रद्द झाली. हॉस्टेलमध्ये खोलीत खाणं नेऊ देत नाहीत, झुरळं येतात म्हणून. सगळं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर ठेवायचं आणि प्रत्येक वस्तूवर आपलं नाव आणि आपण निघणार तो दिवस लिहायचा. तो दिवस उलटला की माणूस गेला असं धरतात, आणि त्याचं उरलंसुरलं सगळं दाराजवळच्या "कुणीही घ्या" फळीवर जातं. चांगली पद्धत आहे. मीच आल्या दिवशी ऑफिसातल्या बाईला म्हटलं होतं, वा, किती शिस्त आहे! आणि माझ्या डब्यावर मी, एकदा नाही, चारही बाजूंनी आणि झाकणावर, ठळक अक्षरांत लिहिलं: लायल, मंगळवार.

बुधवारी बस नव्हती. मी सकाळपासून बसच्या ऑफिसात रस्ता कधी उघडतो ते विचारत उभा होतो. पुलाची काळजी होती, नदीची काळजी होती, नोरीन आत येऊन चहा पिते की नाही याची काळजी होती. जगातल्या एकूण एक गोष्टीची काळजी केली आत्या, फक्त डब्यावर मंगळवार लिहिलाय ही सोडून.

परत आलो तर स्वयंपाकघरात मेजवानी चालली होती. भिजून अडकलेली पंधरा-वीस पोरं टेबलाभोवती, चहाचे मग हातात, तोंडं भरलेली. एक फ्रेंच पोरगी डोळे मिटून चावत होती. मला बघून योनास उठला. त्याच्या दाढीत तुझा एक मनुका होता. बेदाण्याएवढा कापलेला. मी जो खाली बसलो तो फरशीवरच.

"आजोबा," ऑर्ला म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला, "तो तुमचा डबा होता? फळीवर डबा नव्हताच हो, कुणीतरी केक नुसता ताटात काढून ठेवला होता. देवाशप्पथ, मी दोनदा घेतला."

मी रडलो, आत्या. चारचौघांत रडलो. ती सगळी पोरं इतकी घाबरली की हातातले अर्धे चावलेले तुकडे परत ताटात ठेवायला लागली. (ते मी घेतले नाहीत.) सगळ्यांनी कडेकडेने कापत आणलं होतं म्हणून मधला चौकोन तेवढा शाबूत होता, तळहाताएवढा. तो मी धुतलेल्या बनियनात गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवला. आणि एक सांगतो, ऐकून घे. त्या पोरांमध्ये कुणी महिनोन्‌महिने घरचं खाल्लं नव्हतं. त्या फ्रेंच पोरीने त्याच संध्याकाळी आईला फोन केला. तुझ्या केकने ते टेबल जसं गप्प झालं तसं मी आमच्या वाचनालयातही कधी पाहिलं नाही.

पण मला काम अख्ख्या केकचं होतं. ऑर्ला म्हणाली, "रडताय काय? दुसरा करू. हात कशाला दिलेत देवाने?" उचलली जीभ लावली टाळ्याला! तुझी कृती मला ठाऊक नाही, ती तू सख्ख्या भावालाही सांगितली नाहीस. पण सगळं हॉस्टेल अपराधी मनाने कामाला लागलं. "कुणीही घ्या" फळीवर जे होतं ते आलं: तीन जणांनी सोडून दिलेले मनुके, खजूर, कुणाच्या नाश्त्याच्या पुड्यातून वेचून काढलेले बेदाणे, संत्र्याच्या साली आणि नारळाची उग्र वासाची दारू. योनासने एकट्याने सगळे मनुके कापले, दोन तास, एकही मोठा नाही. ओव्हनचं दार बसत नव्हतं म्हणून तो पुढे पाय लावून बसला. आणि केक निम्मा झाला नसेल तोच वादळाने वीज गेली. दुष्काळात तेरावा महिना. वीज येईपर्यंत ओव्हन गार पडला होता. पुन्हा पेटवला, पण मी मधे मधे दार उघडून बघत होतो (मला बघितल्याशिवाय राहवत नाही, तू ओरडतेस ते बरोबर आहे). शेवटी बाहेर काढला तेव्हा वरून तांबूस, चौकोनी, सपाट, बघत राहावा असा. आत सळई घातली तर ओली निघाली.

"वरून किती देखणा आहे बघा," ऑर्ला म्हणाली. "आत कोण बघायला जातंय?"

"मर्ल आत्या," मी म्हटलं. "ती आयुष्यभर आतच बघत आलीय."

मुंग्यांची रांग लागलेली होती, म्हणून पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये चार वाट्या पालथ्या घालून त्यांवर ओव्हनची जाळी ठेवली आणि तिच्यावर तो थंड केला. मुंग्या लागल्या नाहीत, एवढं एक काम धड झालं. मग डब्यात भरला. मी ठरवलं होतं की मर्ल आत्यापुढे दोन्ही ठेवायचे, खरा चौकोन आणि खोटा केक, आणि खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं. टाउन्सव्हिलपासून मी ते वाक्य पाठ करत होतो.

इनिसफेलला मी उतरलो आणि ती दोघं पुढे केर्न्सला गेली. ऑर्लाने बसच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, "आजोबा, छाती पुढे काढा! केक आहे, बॉम्ब नाही!" सगळा बसस्टॉप माझ्याकडे बघायला लागला. मर्ल आत्याचं घर उसाच्या कडेला आहे, खांबांवर उभं, आणि पायऱ्यांवर वशिंडाएवढे बेडूक बसलेले. त्यातल्या एकावर पाय पडला आणि मी घसरलो तो थेट तिच्या दारात. डबा मात्र छातीशी धरला होता. दार उघडलं. अगदी तुझा चेहरा, आत्या, नुसते केस कापलेले. तिने मला वरून खाली बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, "आयव्ही मेली?"

आणि मी म्हटलं, "नाही, अजून नाही, ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे."

बघ, हे असं झालं. मी ठरवून नाही बोललो, ते आपोआप बाहेर पडलं. टाउन्सव्हिलपासून पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं आणि जे मेलो तरी बोलायचं नव्हतं तेच आधी निघालं. "पाय पूस, बेडूक आत आला तर तुझ्याच पांघरुणात जाईल," एवढं म्हणून तिने किटली ठेवली. किटलीकडे तोंड करून ती बराच वेळ उभी होती. पाणी उकळून गेलं तरी उभी होती. मग वळून म्हणाली, "काय गं, कसलं ऑपरेशन?" (मला "गं" म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर मी नव्हतोच.) मी हृदयाच्या झडपेचं सांगितलं. ती म्हणाली, "आणि डब्यात काय आणलंस?"

मी म्हणायला हवं होतं, की मर्ल आत्या, थांब, आधी ऐक. मी म्हटलं, "केक. आयव्ही आत्याने पाठवलाय."

तिने चष्मा लावला. केक अलगद उचलला, खालून बघितला, नाकाशी नेला, पाटावर ठेवला आणि परीक्षक घालतात तशी बरोबर मधोमध सुरी घातली. मधला काप काढला. बोटाने दाबला. बाहेर पावसाचा एवढा आवाज, पण मला फक्त माझं काळीज ऐकू येत होतं. तुझी छाती कशी धडधडते ते मला त्या दिवशी कळलं, आत्या, आणि मी आजवर तुला "काही नाही, गॅस असेल" म्हणायचो त्याची लाज वाटली.

"मध्यभागी कच्चा," मर्ल आत्या म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ती हसत होती. खदाखदा, टेबलाला धरून, चष्मा काढून. हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. म्हणाली, "कबूल केलं! बघ लेका, हट्टी म्हातारीने शेवटी कबूल केलं! तोंडाने बोलणार नाही, पण मुद्दाम कच्चा करून पाठवला! अशी माणसं आहोत आम्ही, काय करणार?" आणि तो कच्चा काप तिने खाल्ला. सगळा. दुसराही घेतला. मग तोंड पुसून म्हणाली, "केक खाल्ला, आता आयव्हीच्या दाराबाहेर राहायचं कारण उरलं नाही. कधी आहे म्हणालास ऑपरेशन?"

आत्या, त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ती आत जाऊन कपाटातून बॅग शोधायला लागली होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. तू केकचं पीठ कालवताना जे गुणगुणतेस तेच गाणं. मी तोंड मिटलं.

तर मर्ल आत्या माझ्याबरोबर येतेय. विमानाने नको म्हणाली, खिडकी उघडता येत नाही. तिलाही बसनेच यायचंय, थांबत थांबत, हॉस्टेलांत उतरत, कारण सेस काका जन्मभर "पुढच्या वर्षी किनारा बघायला जाऊ" म्हणत गेले आणि गेले. काल गावातून सॅक घेऊन आली, माझ्यापेक्षा मोठी. तिला वरचा पलंग हवाय. पूर आहे, जेलीफिश आहेत, डिंगो आहेत, आणि आता माझ्यावर तुम्हा दोघींची काळजी. पण ऑपरेशनच्या आधी आम्ही पोहोचतो, एवढं नक्की. मी पुलांची चौकशी करून ठेवलीय.

तुझा, सदैव काळजीत असलेला,
लायल

ता. क. आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. आम्ही दारात आलो की मर्ल आत्या केकचा विषय काढणार. तेव्हा तू फक्त एवढंच म्हणायचंस: "हो, मुद्दाम कच्चा ठेवला होता." बाकी काही नाही. मला माहीत आहे की हे वाक्य तुझ्या तोंडून निघणं म्हणजे दगडातून पाणी काढणं आहे. नोरीनसमोर रोज दोनदा सराव कर. वाटलं तर ते पहिल्यांदा म्हणताना बस. तुझ्या पाया पडतो आत्या, एवढं एक कर. ती येतेय.

ता. क. २. मधल्या खोलीतली गादी उन्हात टाकायला नोरीनला सांग, तू उचलू नकोस. पाकीट मी डिंकाने बंद करून वर पट्टी मारतोय. माझा पाय अजून टेकत नाही आणि मर्ल आत्या गावात चाललीय, तेव्हा नाइलाजाने पेटीत टाकायला तिच्याकडेच देतोय. काळजी नको, दुसऱ्याचं पाकीट ती उघडणार नाही.

ता. क. ३. आयव्ही, ही मर्ल. किटलीच्या वाफेवर डिंक सुटला, पट्टीही निघाली. तो केक तुझा नाही हे मला सुरी घालायच्या आधीच कळलं होतं. तळाला जाळीचे ठसे होते. तू मेलीस तरी जाळीचे ठसे ठेवणार नाहीस. पण मला यायला निमित्त हवं होतं, आणि पोराचं तोंड बघवेना. तेव्हा तू काही कबूल करायची गरज नाही, सराव करून छातीला ताण देऊ नकोस. त्याला मात्र यातलं सांगू नकोस, काळजी करत बसेल.

आज सकाळी त्याच्या सॅकमध्ये बनियनात गुंडाळलेला तुकडा सापडला. उभ्यानेच खाल्ला. मधोमध व्यवस्थित भाजलेला, फळ सगळीकडे सारखं, तळ स्वच्छ. पहिला नंबर.

त्या वर्षीचा मात्र कच्चाच होता. त्यावर भांडायला मी येतेय. तोवर मरायचं नाही.